हाताशी किती, स्टोअरमध्ये किती: व्हर्च्युअल मेमरीची गोष्ट

विषय वाचून काही जणांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात संगणकाचं सेटिंग कुठून आलं? सेटिंगलाही इतिहास असतो, आणि तो माहीत नसला की काय होतं ते आम्ही भोगलंय. तिथूनच सुरुवात करू.

विंडोज एक्सपीचे दिवस होते. भोसरीतल्या एका वर्कशॉपसाठी आम्ही घरच्या संगणकावर ड्रॉइंग करून द्यायचो. रॅम २५६ एमबी. कुणीतरी सांगितलं, "पेजिंग फाइल बंद करा, मशीन पळायला लागेल." आम्ही केली. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या रात्री फिक्स्चरचं मोठं ड्रॉइंग आणि कोटेशनचं एक्सेल एकदम उघडं होतं. मेमरी संपल्याचा संदेश आला, प्रोग्रॅम बंद पडला, चार तासांचं काम गेलं. सकाळी ड्रॉइंग चाकणला पोचायला हवं होतं, ते पोचलं नाही. मालक काही बोलले नाहीत, पण पुढचं काम आमच्याकडे आलं नाही.

आता मागे जाऊ, १९६२ मध्ये. त्या वर्षी १ ऑगस्टला एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे आपल्या पिंपरी-चिंचवडचा चेहरा बदलला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात 'ॲटलास' संगणकाचं उद्घाटन झालं. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न पैशाचा होता. वेगवान कोअर मेमरी फार महाग, म्हणून ती फक्त १६ हजार शब्दांची. फिरत्या ड्रमवरची मेमरी स्वस्त, ९६ हजार शब्दांची, पण संथ. तोवर प्रोग्रॅमचे तुकडे पाडून कुठला तुकडा कधी आत आणायचा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागे. त्यात त्याचा बराच वेळ जाई.

ॲटलासनं हे काम माणसाच्या हातून काढून घेतलं. मेमरीची ५१२ शब्दांची पानं केली. लागणारं पान आत नसेल तर यंत्र स्वतःच ते ड्रमवरून आणायचं, आणि जे लवकर लागणार नाही असं वाटे ते बाहेर पाठवायचं. प्रोग्रॅमला मात्र एकच मोठी मेमरी असल्याचा भास व्हायचा. म्हणून हिला पुस्तकात आभासी स्मृती म्हणतात.

वर्कशॉपच्या भाषेत सांगायचं तर लेथच्या शेजारचा ट्रे म्हणजे रॅम आणि मागचं स्टोअर म्हणजे डिस्क. पण स्टोअर मोठं केलं म्हणून ट्रे मोठा होत नाही, बरं का! जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून पान आणायला रॅमपेक्षा सुमारे लाखपट वेळ लागतो.

याचा धोकाही लवकरच दिसला. एकाच वेळी फार प्रोग्रॅम चालवले की यंत्र काम सोडून नुसती पानं आत-बाहेर करत बसतं. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या 'थ्रॅशिंग'ची कारणं मांडली. चाकणच्या चौकात संध्याकाळी अडकलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. गाड्या सगळ्या चालू, इंजिनं तापलेली, आणि माल जागच्या जागी!

मोठ्या यंत्रांतली ही सोय घरात यायला इंटेलची ३८६ चिप लागली, १९८५ ची. १९९० च्या विंडोज ३.० नं ती वापरली. पुढे विंडोज ३.१ मध्ये स्वॅप फाइल कायमची ठेवायची की तात्पुरती, हे वापरणाऱ्याला निवडता येई. विंडोज ९५ मध्ये 'विंडोजलाच ठरवू द्या' हा पर्याय शिफारस म्हणून आला, पण शेजारी 'मी ठरवतो' हाही राहिला. एक्सपीत ही फाइल साधारणपणे रॅमच्या दीडपट आकारापासून सुरू व्हायची.

गंमत बघा. किलबर्न यांनी जे ओझं माणसाच्या हातून काढलं होतं, ते एका छोट्या खिडकीतून घरोघरी परत आलं. डिस्कचा आवाज ऐकून लोकांना वाटे, हीच फाइल मशीन अडवते. खरं तर अडचण ट्रे लहान असण्याची होती. आम्ही ट्रे तेवढाच ठेवला आणि स्टोअरला कुलूप लावलं. मग जास्तीचा माल ठेवणार कुठे?

म्हणून घरी एवढंच करा. पेजिंग फाइल विंडोजवर सोपवा, बंद करू नका. सी ड्राइव्हवर मोकळी जागा ठेवा. मशीन रोजच रखडत असेल तर टास्क मॅनेजर उघडून कोण किती मेमरी खातंय ते बघा, नको ते बंद करा, आणि तरी भागलं नाही तर रॅम वाढवा. आम्हीही शेवटी तेच केलं, पण एक गिऱ्हाईक गमावल्यावर.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.