मोजणी कशासाठीं?

इ. स. १८५२ मध्यें खानदेशांतील सावदा येथें दहा ते पंधरा हजार लोक जमले. निमित्त होतें सरकारी जमीनमोजणीचें. मोजणीमागून साऱ्याचा बोजा वाढेल, अशी धास्ती रयतेनें घेतली होती. अखेर फौज आली, पुढारी पकडले गेले, तेव्हां जमाव पांगला.

१९०१ च्या खानेसुमारींत याच सावद्याची लोकसंख्या ८,७२० भरली. तोंवर मोजणीस दुसरेंही प्रयोजन लाभलें होतें. १८९६ सालीं मुंबईंत प्रकटलेला प्लेग दूरवर पसरला होता. खानदेशही त्यांतून सुटला नाहीं. आतां आजारी आणि मृत माणसें मोजावयाचीं होतीं.

परंतु नुसत्या आंकड्यानें काय उमगतें? समजा, एका महिन्यांत दोनशें माणसें दगावलीं. सावद्यासारख्या गांवीं तो हाहाकार. लाखों वस्तीच्या मुंबईंत मात्र तेवढ्यानें कोणी दचकलें नसतें. मृत्युसंख्येखालीं लोकसंख्येचा छेद मांडल्यावांचून तिला अर्थ येत नाहीं. शिवाय सर्व नोंदी एका जातीच्या नसतात. लस टोंचली कीं नाहीं, ही वर्गवारी. दुखणें सौम्य कीं तीव्र, ही पायरी. वय अथवा ताप, हें माप. मापाची सरासरी निघते. वर्गांतील माणसें मोजून त्यांचें प्रमाणच काढावें लागतें.

प्रमाण काढलें तरी तुलना सारख्यांची हवी. १८९७ च्या आरंभीं भायखळ्याच्या तुरुंगांत डॉ. हाफकिन यांनीं आपण होऊन पुढें आलेल्या कैद्यांस प्लेगची लस टोंचली. परिणाम आशादायक दिसला. पण पुढें येणारे मुळांतच अधिक धडधाकट असले तर?

फेब्रुवारी १८९८ मध्यें बडोदें संस्थानांतील उंडेरा गांवीं या शंकेस उत्तर मिळालें. तेथें प्रत्येक कुटुंबांतील सुमारें निम्म्या माणसांस लस टोंचली. घर तेंच, अन्न तेंच, उंदीरही तेच. भेद काय तो लशीचा. पुढें २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांतील टोंचलेल्या ७१ जणांपैकीं ३ दगावले. न टोंचलेल्या ६४ पैकीं २६. म्हणजे शेंकडा सुमारें ४ विरुद्ध ४१.

लशीचा गुण सिद्ध झाला. पण त्या ज्ञानाचें मोल २६ जणांनीं प्राण देऊन चुकविलें, हेंही त्याच कोष्टकांत लिहिलेलें आहे. सावद्याची रयत मोजणीच्या हेतूविषयीं साशंक होती. तिचा प्रश्न आरोग्याच्या मोजणीसही लागू पडतो. मोजणीचें फळ कोणाच्या पदरीं पडणार, हें मोजणाऱ्यानें आधीं सांगावें. मगच लोक खरी माहिती देतात, आणि खऱ्या माहितीवांचून उत्तम गणितही व्यर्थ होय.