संगणकीय भूमिअभिलेख, महाराष्ट्रातील

जमिनीचे क्षेत्र, आकार, धारक, तीवरील बोजे आणि तिच्या हक्कांत वेळोवेळी झालेले बदल यांच्या शासकीय नोंदी संगणकात परस्परसंबद्ध कोष्टकांच्या रूपाने साठविण्याची व त्यांतून हवी ती माहिती काढण्याची पद्धती. अशा कोष्टकांच्या समुच्चयास संबंधनिष्ठ माहितीसंचय किंवा रिलेशनल डेटाबेस म्हणतात. महाराष्ट्रात ही पद्धती विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आकारास आली. तिचे गुणदोष जेथे जमिनीचे व्यवहार दाट व मोलाचे आहेत, अशा भागांत विशेष स्पष्ट दिसतात. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील चाकण व त्याभोवतालची गावे हे अशा भागाचे ठळक उदाहरण होय.

पेशवाईत व तत्पूर्वी गावचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याकडे असे. ब्रिटिश अमलात पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी मोजणी व जमाबंदी केली, तिच्यातून सर्व्हे क्रमांक हा जमिनीच्या ओळखीचा पाया ठरला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. मात्र या मोजणीचा रोख शेतसारा कोणाकडून वसूल करावयाचा एवढ्यावरच होता. कूळ, गहाणदार, सहहिस्सेदार यांचे हक्क तीत उमटत नसत. ही उणीव भरून काढण्यासाठी १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा अधिनियम झाला व १९१३ मध्ये त्यातील तरतुदी जमीन महसूल संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. कुलकर्णी वतने १ मे १९५१ पासून संपुष्टात येऊन पगारी तलाठी गावोगाव आले (२०२४ पासून त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे आहे). सध्याच्या नोंदींचा कायदेशीर आधार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हा आहे.

या हस्तलिखित दप्तराची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. गाव नमुना १ म्हणजे आकारबंद. त्यात प्रत्येक सर्व्हे क्रमांकाचे वा गटाचे एकूण क्षेत्र व आकार असतो. नमुना ७ मध्ये त्या जमिनीचे धारक व इतर हक्क, नमुना १२ मध्ये पिके (या दोहोंचा एकत्रित उतारा तो सातबारा), आणि नमुना ८अ मध्ये एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी येतात. या सर्वांना हलविणारी वही म्हणजे नमुना ६, फेरफार नोंदवही. खरेदी, वारसा, वाटणी, गहाण असा कोणताही बदल प्रथम तीत क्रमांकाने लिहिला जातो. मग चावडीवर नोटीस लावतात, हितसंबंधितांना कळवितात, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच तो बदल सातबारावर चढतो. जुने नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात, आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. त्या क्रमांकाचा माग काढीत मागे मागे गेल्यास १९०३ नंतरच्या पहिल्या हक्कनोंदणीपर्यंत पोहोचता येते. सातबारा ही अशा रीतीने जमिनीची आजची स्थिती, तर फेरफार नोंदवही हा त्या स्थितीपर्यंतचा प्रवास होय.

ही वहीखात्याची रचना जुनी झाली तेव्हा संगणकशास्त्राने जवळजवळ तीच कल्पना गणिती भाषेत मांडली. आयबीएम या कंपनीतील शास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात असे प्रतिपादन केले, की माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, प्रत्येक ओळीस एकमेव ओळखक्रमांक असावा, दोन कोष्टकांचा संबंध त्या क्रमांकानेच जोडला जावा, आणि एक बाब एकाच जागी नोंदली जावी. माहिती कोठे व कशी साठविली आहे, हे ती मागणाऱ्यास ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने काय हवे तेवढेच सांगावे. अशी मागणी, म्हणजे पृच्छा, करण्यासाठी त्याच कंपनीतील चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ मध्ये एक भाषा योजिली. ती पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली आणि १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे मानक ठरले. कॉड यांच्या विचारातून निघालेल्या व्यापारी प्रणाली १९७९ पासून बाजारात आल्या.

गावदप्तराशी या विचाराचे साम्य असले, तरी एका बाबतीत तो दप्तराच्या उलट जातो. खातेदाराचे एकूण क्षेत्र सातबारांवरून काढता येत असताही नमुना ८अ मध्ये ते पुन्हा लिहिले जाते. आकारबंदातील क्षेत्र सातबारावर पुन्हा येते. संगणकतज्ज्ञाच्या दृष्टीने ही पुनरुक्ती दोषास्पद आहे. महसुली कारभारात ती हेतुपूर्वक ठेवलेली होती. दोन वह्यांतील आकडे जुळले नाहीत, तर कोठेतरी चूक आहे हे वार्षिक जमाबंदीच्या तपासणीत उघड होई. म्हणजे पुनरुक्ती ही येथे साक्ष होती, आणि संगणकीकरणात ही साक्ष कोठे टिकली व कोठे गमावली, यावर त्याचे बरेचसे यशापयश अवलंबून राहिले.

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८–८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे ती राज्यभर पसरली आणि २००८ साली राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात विलीन झाली. राज्यात या कामाचे सूत्रचालन पुणे येथील जमाबंदी आयुक्त व संचालक, भूमिअभिलेख यांच्या कार्यालयाकडे व संगणकीय बाजू राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राकडे राहिली. पहिल्या टप्प्यात तलाठ्यांच्या हस्तलिखित पोथ्यांवरून नोंदी उतरवून घेण्यात आल्या. या उतरवण्यातच पुढील बहुतेक दोषांचे मूळ आहे. एकाच व्यक्तीचे नाव दोन उताऱ्यांत दोन प्रकारे लिहिले गेल्यास संगणकाच्या लेखी त्या दोन व्यक्ती होतात. सामाईक खात्यातील हिस्से कागदावर न लिहिताही गावास ठाऊक असत, पण कोष्टकाला रिकामा रकाना रिकामाच दिसतो. मराठी अक्षरांसाठी आरंभी वापरलेली संकेतने यूनिकोडमध्ये बदलताना नव्या चुकांची भर पडू शकते, ती वेगळीच.

चाकण परिसरात या चुकांना रोकड किंमत आहे. पुणे–नाशिक मार्गावरील हे गाव संग्रामदुर्ग किल्ल्यामुळे व तेथे १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्तेखानाच्या फौजेशी दिलेल्या झुंजीमुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खाली येथे टप्प्याटप्प्याने भूसंपादन झाले. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा व २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, सावरदरी, वासुली या गावांतील कोरडवाहू शेताचे मोल काही वर्षांत कल्पनेपलीकडे गेले. येथील गावांत सर्व्हे क्रमांकांऐवजी गट क्रमांक चालतात. जुने क्रमांक गटांत मिळविताना झालेली चूक दोन पिढ्यांनी संपादनाच्या नोटिशीत प्रकट होते. मोबदला कोणास व किती, याचा पहिला आधार सातबाराच असतो. महाराष्ट्रात १९९४ च्या व देशभर २००५ च्या सुधारणेने वडिलार्जित मिळकतीत मुलींना समान हक्क मिळाला, परंतु वारसाच्या फेरफारात बहिणींची नावे राहून गेली असली किंवा ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकलली गेली असली, तर मोबदल्याच्या वेळी त्यांना आपला हक्क शाबीत करण्यापासून सुरुवात करावी लागते. शिवाय जेथे गुंठ्या-गुंठ्याचे व्यवहार होतात, तेथे एका गटावर धारकांची यादी लांबत जाते आणि बेरीज चुकण्याचा संभव तितकाच वाढतो.

दोष शोधण्याची रीत एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका गटाचे आकारबंदातील क्षेत्र १ हेक्टर २० आर असून तिघा भावांकडे प्रत्येकी ४० आर आहे. त्यांपैकी एकाने २० आर विकले. खरेदीदाराच्या नावे २० आर लागले, पण विकणाऱ्याचे क्षेत्र कमी करावयाचे राहिले, तर सातबारावरील बेरीज १ हेक्टर ४० आर होईल. अस्तित्वात नसलेली २० आर जमीन अशा रीतीने कागदावर जन्म घेते आणि पुढे विकलीही जाऊ शकते. असे होऊ नये म्हणून संबंधनिष्ठ प्रणालीत दोन्ही बदल मिळून एकच व्यवहार मानतात. तो पूर्ण तरी होतो किंवा मुळीच होत नाही. मात्र जुन्या, उतरवून घेतलेल्या नोंदींना हे संरक्षण नसते. तेथे पृच्छेचा आश्रय घ्यावा लागतो. गटवार धारकांच्या क्षेत्राची बेरीज करून ती आकारबंदाशी ताडणे, ही पहिली पृच्छा. नमुना ७ वर असलेली पण नमुना ८अ मध्ये न सापडणारी खाती काढणे, ही दुसरी. येथे दोन्ही कोष्टके साध्या रीतीने जोडल्यास जुळणाऱ्या ओळीच तेवढ्या हाती येतात आणि नेमक्या सदोष ओळी गळून जातात. म्हणून एका बाजूच्या सर्व ओळी राखून दुसरीकडे जोडीदार नसलेल्या ओळी वेगळ्या काढणारी जोडणी योजावी लागते. प्रमाणित फेरफाराचा आधार नसलेली नावे शोधणे, ही तिसरी. महाराष्ट्रात ‘ओडीसी’ नावाने ओळखले जाणारे विसंगती-अहवाल याच जातीचे आहेत.

नोंदी अनेक सर्व्हरांवर असल्या, की आणखी एक प्रश्न उद्‌भवतो. प्रारंभी प्रत्येक तालुक्याच्या नोंदी तहसील कार्यालयातील सर्व्हरवर असत. चाकणच्या नोंदी राजगुरुनगर येथील खेड तहसीलात होत्या. उतारे राज्यभर दिसावेत म्हणून त्यांची प्रत मध्यवर्ती केंद्रात पाठविणे ओघानेच आले. मूळ सर्व्हरवरील बदल दुसऱ्या सर्व्हरवर उमटविण्याच्या या क्रियेस प्रतिकृतीकरण म्हणतात. ते दोन प्रकारे होते. प्रतीकडून पोच आल्याखेरीज मूळ सर्व्हरने व्यवहार पूर्ण मानावयाचा नाही, हा एक प्रकार. यात प्रती सदैव जुळतात, पण दूरध्वनीची तार तुटली की कामकाज थांबते. बदल प्रथम मूळ ठिकाणी पूर्ण करावयाचा व प्रतीकडे मागाहून धाडावयाचा, हा दुसरा. यात काम चालू राहते, परंतु मधल्या काळात प्रत शिळी असते. बँकेने नेमक्या त्या शिळ्या प्रतीवरून कर्ज मंजूर केल्यास काल विकलेली जमीन आज तारण पडते.

प्रत धाडताना संपूर्ण कोष्टके न पाठविता बदलांची क्रमवार नोंदवही पाठविणे हा रूढ उपाय आहे. प्रतीने ती वही त्याच क्रमाने आपल्याकडे उतरवावयाची असते. फेरफार नोंदवहीचेच हे यांत्रिक रूप म्हणता येईल. प्रत मागे पडली किंवा थांबली, तर तिने शेवटचा कोणता क्रमांक उतरविला हे प्रथम पाहतात आणि तेथून पुढचे बदल क्रमाने लावतात. अडलेला क्रमांक गाळून पुढे जाण्याचा मोह घातक ठरतो. वाटणीचा फेरफार गळून त्यानंतरच्या विक्रीचा लागला, तर प्रतीवर विकणाऱ्याचे नावच नसते. कोणत्याही प्रतीवर थेट दुरुस्ती करू नये, दुरुस्ती मूळ ठिकाणी करावी, हा नियमही यातूनच येतो. पुढे ई-फेरफार प्रणालीत तालुक्यांच्या नोंदी राज्याच्या मध्यवर्ती केंद्रात नेण्यात आल्या व तिची सांगड दस्तनोंदणीच्या आय-सरिता प्रणालीशी घालण्यात आली. त्यामुळे दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले जाताच त्याची वर्दी तलाठ्याकडे पोहोचते. प्रतींचा मेळ घालण्याचे काम यामुळे हलके झाले. दुसरीकडे, मूळ नोंदीतील चूकही आता क्षणात सर्व प्रतींवर पोहोचते, आणि सर्व प्रती सारख्याच चुकीच्या असल्यास त्यांच्या परस्पर तुलनेतून काहीही उघड होत नाही.

क्षेत्राची बेरीज जुळत असूनही नाव भलत्याचे असणे, हा दोष कोणत्याही पृच्छेस सापडत नाही. तो गावालाच ठाऊक असतो. २०१७ मध्ये राज्यात संगणकीकृत सातबारांचे चावडीवाचन करण्यात आले, ते या कारणाने. खातेदारांसमोर उतारे वाचून हरकती घेण्यात आल्या आणि हस्तलिखित व संगणकीय नोंदींतील फरक दुरुस्त करण्याची सोय करण्यात आली. हयात खातेदारांच्या साक्षीचा उपयोग करून घेणारा हा उपाय साऱ्या संगणकीकरणात सर्वांत शहाणपणाचा होता, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र जे खातेदार गावी नव्हते, ज्या मुली सासरी होत्या, त्यांच्या बाबतीत तो तितकासा पोहोचला असेल असे मानता येत नाही. संहितेच्या कलम १५५ खाली लेखनिकाच्या चुका दुरुस्त करता येतात. हक्काचा निवाडा या कलमाने करता येत नाही. परंतु उतरवताना गळलेले नाव ही लेखनिकाची चूक की वादाचा विषय, हे ठरविणे नेहमीच सोपे नसते. कलम १५७ अन्वये हक्कनोंदणीतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, त्यामुळे सिद्ध करण्याचा भार गळलेल्या माणसावर पडतो. फेरफाराची नोंद मालकी हक्क निर्माण करीत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले असले, तरी मोबदला, पीककर्ज व खरेदी हे व्यवहार दैनंदिन जीवनात सातबारावरच चालतात.

अंकीय स्वाक्षरी असलेले सातबारा २०१८ पासून उपलब्ध होऊ लागले. सप्टेंबर २०२० मध्ये उताऱ्याचा नमुना सुधारण्यात येऊन त्यावर गावाचा सांकेतांक आला. ऑगस्ट २०२१ पासून नमुना १२ साठी ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः पिकांची नोंद करू लागले. चाकणला २०१५ मध्ये नगरपरिषद स्थापन झाली. अशा नागरी झालेल्या गावांत नगर भूमापन पूर्ण झाल्यावर जमिनीची नोंद मिळकत पत्रिकेत जाते. ती महसूल खात्याच्या नव्हे, तर भूमिअभिलेख खात्याच्या वहीत असते. त्या वेळी जुना सातबारा बंद करावयाचे राहिल्यास एकाच जमिनीच्या दोन नोंदी दोन कार्यालयांत चालू राहतात, आणि त्यांना जोडणारा सामाईक क्रमांक कोणत्याही एका कोष्टकात नसतो.