१९८२ : पराभवाच्या सावलीतले सुवर्ण

१/ १ डिसेंबर १९८२. दिल्लीतील आशियाई स्पर्धा. पुरुष हॉकीच्या अंतिम सामन्यात, पंतप्रधान इंदिरा गांधींच्या देखत, पाकिस्तानने भारताचा ७-१ असा धुव्वा उडवला. गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्यावर फितुरीचे आरोप झाले. ही कहाणी बहुतेकांना ठाऊक असते. त्याच स्पर्धेत भारतीय महिलांनी हॉकीचे सुवर्णपदक पटकावले आणि त्यांची कर्णधार पुण्याची होती, हे मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

२/ त्या कर्णधार म्हणजे एलिझा नेल्सन. जन्म पुण्यात, १९५६ साली. त्या काळी महिला हॉकीचा कारभार पुरुषांच्या संघटनेहून वेगळा चाले आणि त्यात पैसा जवळजवळ नव्हताच. खेळाडू मुलींना खरा आधार होता तो रेल्वेतील नोकरीचा.

३/ याआधी, १९८० मध्ये मॉस्कोला महिला हॉकीचा ऑलिम्पिकमध्ये प्रथमच समावेश झाला. बहिष्कारामुळे मूळच्या सहा संघांपैकी केवळ यजमान सोव्हिएत संघ उरला; बाकीची जागा ऐनवेळच्या आमंत्रणांनी भरली. एलिझा नेल्सन यांचा समावेश असलेल्या भारतीय संघाने ऑस्ट्रिया आणि पोलंडला हरवले, झिंबाब्वेला १-१ असे रोखले. हेच झिंबाब्वे पुढे सुवर्णविजेते ठरले! भारत चौथा आला. टोकियोतील चौथ्या स्थानाचे कौतुक करताना या संघाचीही आठवण व्हायला हवी होती. स्पर्धक कमी होते, हे मान्य करूनही.

४/ दिल्लीत १९८२ साली आशियाई स्पर्धेतही महिला हॉकी पहिल्यांदाच खेळली गेली. राजबीर कौर यांनी तब्बल १६ गोल केले. दक्षिण कोरिया दुसरा, मलेशिया तिसरा. दुसऱ्याच वर्षी नेल्सन यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे सरकारदरबारी नोंद झाली, लोकस्मृतीत झाली नाही.

५/ २००७ च्या ‘चक दे! इंडिया’ने नेगींच्या वाट्याला आलेली मानहानी आणि २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील महिलांचे यश यांतून प्रेरणा घेतली. पुरुषांच्या पराभवाचा कलंक महिला संघ धुऊन काढतो, ही कल्पना पडद्यावर फार भावली. १९८२ मध्ये तर पराभव आणि सुवर्ण एकाच स्पर्धेत, एकाच शहरात घडले होते.

६/ सुवर्ण जिंकूनही १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारतीय महिला नव्हत्या. मॉस्कोनंतर त्या ऑलिम्पिकच्या मैदानात उतरल्या त्या थेट २०१६ साली, रिओमध्ये. मधे गेली ३६ वर्षे.