तिबेटने जपलेला आपला ठेवा

बौद्ध इतिहास म्हटला की आपण अजिंठा, नालंदा आणि नागपूरची दीक्षाभूमी आठवतो. तिबेटचे नाव सहसा निघत नाही. आता मात्र ते पोट्ट्यांच्या तोंडी आले आहे, तेही कॉम्प्युटरवरच्या खेळातून! २०२० साली निघालेल्या ‘क्रुसेडर किंग्ज’च्या तिसऱ्या भागात तिबेट आहे. इ.स. ८६७ किंवा १०६६ साल निवडायचे, तिबेटी राजा व्हायचे आणि मुलूख जिंकत जायचे. तिथला जुना बोन धर्मही त्यात आहे आणि बौद्ध धर्मही.

खेळ म्हणून हे ठीकच. पण ८६७ साली तिबेटचे साम्राज्य उरलेच कुठे होते? ८४२ च्या सुमारास लांगदर्मा राजाचा खून झाला आणि राज्याचे तुकडे पडले. फौजा गेल्या, खजिना गेला. टिकले ते ग्रंथ.

ही तयारी आधीपासूनची. सातव्या शतकात सोंगत्सेन गाम्पो राजाच्या काळात भारतीय लिपीच्या आधारे तिबेटी लिपी तयार झाली. आठव्या शतकात नालंदेचे आचार्य शांतरक्षित तिबेटात गेले. साम्ये येथे पहिला विहार उभा राहिला आणि सात तिबेटी तरुणांनी प्रथम भिक्षुदीक्षा घेतली. मग भाषांतराचे काम जोरात सुरू झाले. एक भारतीय पंडित आणि एक तिबेटी अनुवादक, ज्याला ते ‘लोचावा’ म्हणतात, असे दोघे मिळून बसत. कोणत्या संस्कृत शब्दाला कोणता तिबेटी शब्द, हेही राजाज्ञेने ठरले. नवव्या शतकाच्या आरंभी त्यासाठी ‘महाव्युत्पत्ती’ हा सुमारे साडेनऊ हजार शब्दांचा कोश झाला.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. तर ऐका. आचार्य नागार्जुनांचा जन्म विदर्भात झाला, असे तिबेटी इतिहासकार बुतोन याने चौदाव्या शतकात लिहून ठेवले आहे. नागार्जुनांनी आपल्या मित्र राजाला १२३ श्लोकांचे पत्र लिहिले, त्याचे नाव ‘सुहृल्लेख’. हा राजा सातवाहन होता, असे परंपरा मानते. राजाने कसे वागावे, दान कसे द्यावे, मन कसे आवरावे, हे त्यात सांगितले आहे. त्याची मूळ संस्कृत प्रत आपल्याकडे नष्ट झाली! ते आज वाचता येते ते तिबेटी आणि चिनी भाषांतरांमुळे. तिबेटी भाषांतर सर्वज्ञदेव हे भारतीय पंडित आणि कावा पेलत्सेक हे लोचावा यांनी केले. पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीस नालंदाही उद्ध्वस्त झाले; पण तिथली विद्या हिमालयापलीकडे शाबूत होती.

१९५९ साली दलाई लामांना तिबेट सोडावे लागले. हजारो तिबेटी भारतात आले. १९७२ साली त्यांची एक वसाहत आपल्याच विदर्भात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ वसली. तिचे नाव नोर्ग्येलिंग. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यात आहे. चांदूर रेल्वेहून गोंदियापर्यंत सरळ गाडीचा रस्ता, तिथून चांद्याच्या लाईनने अर्जुनी. हिवाळ्यात नागपूरला स्वेटर विकणारे तिबेटी आपण पाहतो, भाव करतो अन् निघून येतो. ज्यांच्या पूर्वजांनी विदर्भपुत्र नागार्जुनांचे पत्र हजार वर्षांहून अधिक काळ सांभाळले, ते हेच लोक बाप्पा!

म्हणून तरुणांना सांगणे एवढेच : खेळ खुशाल खेळा, पण एकदा गोठणगावचा मठ पाहून या. तिथल्या पोथ्यांपुढे हात जोडताना ध्यानात ठेवा, राज्ये मोडतात. जे लिहून, शिकवून पुढे दिले जाते तेच टिकते. आपल्या विहारातले पुस्तकांचे कपाटही त्यासाठीच आहे. त्याला कुलूप लागू देऊ नका.

नमो बुद्धाय! जय भीम!