सांगायला कोण आलं? : जालन्याच्या बेथेलपासून वडीगोद्रीच्या फाट्यापर्यंत

धर्मांतराचा इतिहास आपल्याकडं दोघांनीच लिहिला. एक मिशनरी साहेब. त्याला आपल्या मुलखातल्या देणगीदारांकडं अहवाल धाडायचा असायचा, म्हणून त्याच्या कागदात बाप्तिस्म्यांची मोजदाद. दुसरा इथला धर्ममार्तंड. त्याच्या लेखी सगळा मामला गव्हाच्या पोत्याचा. या दोन्ही कागदांत एक माणूस गप्प बसलेला आहे. ज्याला सांगितलं गेलं तो. महारवाड्यातला, मांगवाड्यातला. त्याने काय ऐकलं, का ऐकलं, ऐकून काय ठरवलं, हे कुणी विचारलंच नाही.

दोस्तहो, आपण त्याच्याच बाजूनं हा इतिहास वाचला पाहिजे.

अनोळखी, परधर्मी माणसापुढं बसून आपला धर्म सांगायचा, ही गोष्ट आज साधी वाटते. पण आपल्या गावकुसाबाहेर हजार वर्षं कोण यायचं आणि कशासाठी? पाटलाचा माणूस यायचा, वेठीला बोलवायला. कुणाचं ढोर मेलं की हाक यायची. सांगावा पोचवायला येसकर लागायचा. धर्म सांगायला मात्र कुणी आलं नाही. धर्म सांगायचा तर जवळ बसावं लागतं, आणि जवळ बसलं की विटाळ. आमच्या चोखोबानं धर्म गायला, तर त्याची समाधी पंढरीला देवळाच्या दाराबाहेर. म्हणजे हिंदू धर्म आम्हाला लागू होता, पण आम्हाला सांगायचा नव्हता. शिक्षा त्याची, शिकवण नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय जालन्याची गोष्ट कळणार नाही.

नारायण शेषाद्री हा ब्राह्मणाचा पोरगा मुंबईला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला आणि १८४३ साली ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागोमाग मिशनऱ्यांकडं राहायला गेला. बापानं कोर्टात धाव घेतली, कोर्टानं श्रीपतला बापाच्या ताब्यात दिलं. मग मुंबईच्या ब्राह्मणांत मोठा वाद पेटला. पोरगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला, आता त्याला जातीत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. सनातनी म्हणाले, नाही. एका कोवळ्या पोराच्या पोटात कुणाचं अन्न गेलं यावर अख्खी मुंबई भांडली.

'बाटला' हा शब्द त्या भांडणाचा. जरा या शब्दाकडं बघा. बाटायला आधी शुद्ध असावं लागतं. श्रीपत बाटू शकत होता. मांग कसा बाटेल? तो तर त्यांच्याच शास्त्रानं जन्मतःच बाटलेला. तरीही पुढं मांग-महार ख्रिस्ती झाले तेव्हा हेच लोक ओरडले, 'बाटले, बाटले!' आमचा स्पर्श चालत नव्हता, पण आमचं निघून जाणं बोचत होतं. निघून जाणाऱ्याबरोबर फुकटातले हातही जात होते, हे त्यातलं खरं कारण.

तर थोरला नारायण पुढं पाळक झाला आणि १८६०नंतरच्या काळात इकडं मोगलाईत, जालन्याला आला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यातली छावणीची आणि बाजाराची जागा. तिथं तो बाजारात उभा राहून बोलला, खेड्यापाड्यांत फिरला. त्याचं ऐकायला कोण आलं? ब्राह्मणाचं ऐकायला ब्राह्मण आले नाहीत. आले ते मुख्यतः मांग आणि महार. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्याने जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. बेथेल म्हणजे हिब्रू भाषेत देवाचं घर. तिथं देऊळ म्हणजे चर्च होतं, शाळा होती, विहिरी होत्या.

विहिरी, हा शब्द घाईत वाचू नका. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा. त्याच्या आधी साठ-एक वर्षं आपल्याच जिल्ह्यात एक गाव असं होतं, जिथं मांगाच्या बाईला पाण्यासाठी वरच्या जातीच्या ओंजळीची वाट बघावी लागत नव्हती. अनोळखी माणसानं सांगितलेल्या धर्मात तिला आधी काय ऐकू आलं असेल? त्रैक्याचा सिद्धांत की रहाटाचा आवाज? मला तर वाटतं, तिच्यासाठी ते दोन्ही एकच होतं. जो देव पाणी देत नाही तो देव कसला, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता भाकरीची गोष्ट. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्यानंतर अहमदनगर भागात अस्पृश्य मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाले. झालं, शिक्का बसला : पोटासाठी धर्म सोडला. मी विचारतो, उपाशी माणसाला भाकर कुणी दिली हे त्याने बघू नये का? १९७२च्या दुष्काळात आपल्या आयाबहिणींनी खडी फोडली, सुकडी खाल्ली. सुकडी खाऊन कुणी सरकारचा भक्त झालं नाही. माणूस नुसत्या खाण्यानं धर्म बदलत नाही. देणारा किती अंतरावर उभा राहून देतो, हे तो बघतो.

याउलट नारायण वामन टिळकांचं बघा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. ओळख ना पाळख. दोघांचं कवितेवर, धर्मावर बोलणं झालं. त्याने टिळकांना नव्या कराराचं पुस्तक दिलं, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी वाचलं, शंका काढल्या, पत्रव्यवहार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त हे सगळं आलंय. लक्ष्मीबाईंची त्यात किती होरपळ झाली तेही आलंय.

टिळकांच्या प्रामाणिकपणाविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रश्न वेगळा आहे. ब्राह्मणानं धर्म बदलला तर त्याला सत्यशोधन म्हणायचं, त्यावर मराठीच्या प्राध्यापकांनी व्याख्यानं द्यायची. मांगानं बदलला तर त्याला प्रलोभन म्हणायचं. एकाला मेंदू आहे, दुसऱ्याला नुसतं पोट! १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखो लोकांनी एक दाणाही न घेता, उलट पदरची भाकर बांधून आणून धम्म घेतला, तेव्हा या मांडणीचं थोबाड फुटलं. पण १९५६च्या आधी धर्म सोडणाऱ्या आमच्या माणसांनाही मेंदू होता, एवढं तरी आपण मानलं पाहिजे. आपलीच काही पोरं ख्रिस्ती वस्तीकडं बोट दाखवून 'पाववाले' म्हणतात. हा शब्द आपला नाही. तो पेशव्यांच्या वारसांचा शब्द आहे.

ऐकलं म्हणजे मान्य केलंच, असंही नाही. जोतीराव फुले मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी त्यांची मैत्री होती, पण ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ला त्यांनी स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मांगाची मुलगी मुक्ता साळवे. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली छापला तो 'ज्ञानोदय'नं, म्हणजे मिशनऱ्यांच्या पत्रानं. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा सरळ सवाल. इथं मिशननं नुसतं सांगितलं नाही, आमच्या पोरीचं छापूनही आणलं. या इतिहासातलं हे सगळ्यात मोलाचं पान मी मानतो.

मग गाडी अडली कुठं? बाबासाहेबांनी याची रोकठोक चिकित्सा केली आहे. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात घोषणा झाल्यावर सगळ्या धर्मांचे पुढारी त्यांच्याकडं धावले, त्यात ख्रिस्ती होते. बाबासाहेबांनी सगळ्यांचं ऐकलं, आणि निर्णय घ्यायला २१ वर्षं लावली. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचं त्यांचं लिखाण इंग्रजी वाङ्मयाच्या पाचव्या खंडात १९८९ला प्रसिद्ध झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मिशनांच्या शाळा-कॉलेजांचा, दवाखान्यांचा फायदा वरच्या जातींनीच उचलला. चर्चमध्येही जात शिल्लक राहिली. आणि नव्या ख्रिस्ती माणसाला तुझ्या दुःखाचं मूळ तुझ्या पापात आहे असं शिकवलं गेलं, त्यामुळं तो व्यवस्थेविरुद्ध उठला नाही. मला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जिव्हारी लागतो. ज्याच्यावर पाप झालं त्यालाच पापाची कबुली द्यायला लावायची! वेसकराच्या पोराने कुणाचं काय चोरलं होतं?

हे सगळं मी पुस्तकातून वाचलेलं. पण वडीगोद्रीच्या फाट्यावर एकदा ते समोर येऊन बसलं.

वडीगोद्री म्हणजे अंबडच्या पुढं, गोदावरीच्या अलीकडं, जालना-बीड रस्त्यावरचं गाव. २०२४ला ओबीसी आरक्षणाच्या उपोषणानं पेपरात गाजलेलं. मी फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. शेजारी पासष्टीचे एक गृहस्थ येऊन टेकले. पिशवीत मराठी शुभवर्तमानाची पुस्तकं.

"भाऊ, दोन मिनिटं बोललो तर चालंल का?"

मी म्हणालो, "बोला की काका. पण मी जयभीमवाला हाये, आधीच सांगतो."

"मग तर बसतोच," ते हसले. "जयभीमवाला ऐकून घेतो. बाकीचे पुस्तक बघूनच उठत्यात."

त्यांनी शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. येशू परजातीच्या बाईकडं विहिरीवर पाणी मागतो. मी ऐकलं. मग मी त्यांना बाबासाहेबांचा आक्षेप सांगितला. त्यांनीही ऐकला. थोडं थांबून म्हणाले, "खरं हाये. आमच्यात बी लग्न ठरवताना विचारत्यात, तुम्ही मूळचे कोण."

मी विचारलं, "पोरांच्या दाखल्यावर काय लिहिलंय?"

ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "हिंदू मांग. दुसरं काय लिवणार? ख्रिस्ती लिवलं तर सवलत जाती. जात मात्र जात न्हाई."

हे वाक्य मी एसटीत बसल्यावरही घोळवत होतो. कारण हा इतिहास आपलाही आहे. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंनाच सवलत ठेवली. १९५६ला शीख आले. बौद्धांना केंद्रात ती मिळायला १९९० उजाडावं लागलं, म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षं. तोवर आपल्याही कित्येक बापांनी मनात बुद्ध आणि कागदावर 'हिंदू महार' ठेवला. ख्रिस्ती झालेल्या मांग-महारांना तो दरवाजा १९९०लाही उघडला नाही. २०२२ला केंद्रानं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला. संविधानाच्या २५व्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ला सुप्रीम कोर्टानं त्याचा अर्थ लावला की सांगायचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा नाही. ठीक. पण ऐकून स्वतः ठरवणाऱ्याच्या हक्काचं काय? फाट्यावरचा तो म्हातारा अनोळखी माणसाला उघड आपला देव सांगतो, आणि तहसीलमध्ये त्याला तोच देव लपवावा लागतो. हा त्याचा दुटप्पीपणा म्हणायचा की राज्याचा?

कार्यकर्त्यांनो, यातून तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, कुणी ख्रिस्ती माणूस धर्म सांगायला आला तर त्याला हुसकावू नका. बसवा, ऐका, वाद घाला. बाबासाहेबांनी २१ वर्षं तेच केलं. ऐकल्यानं आपला धम्म पातळ होत नाही. दुसरी, आपणही २२ प्रतिज्ञा घेऊन मांगवाड्यात, भिल्लवस्तीवर जातो. तिथं आपण काय करतो? पत्रक वाटून, भाषण ठोकून, चहासुद्धा न पिता परत येतो. शेषाद्रींनी आधी विहिरीचा विचार केला. समोरच्याच्या पाण्याचा, शाळेचा, मजुरीचा प्रश्न न विचारता सांगितलेला धर्म ही नुसती बडबड आहे. आणि त्याचं बोलणं मुक्तेच्या निबंधासारखं आपल्या अंकात छापा. तिसरी, दलित ख्रिस्त्यांच्या सवलतीचा प्रश्न आपल्या ठरावात घ्या. वाटा कमी होईल ही भीती वस्तीत बोलली जाते, मला माहीत आहे. ती भीती सभेत मांडा, टक्केवारी वाढवून मागण्याची लढाई त्यांच्यासोबत करा. पण ज्या दारात आपण ३४ वर्षं उभे होतो, त्या दाराचे पहारेकरी आपण होऊ नये.

पुढच्या महिन्यात आम्ही काहीजण जालना, अंबड भागातल्या म्हाताऱ्या ख्रिस्ती माणसांच्या आठवणी लिहून घ्यायला निघतोय. ज्यांना यायचं त्यांनी वही आणि पेन आणावं. पत्रकं घरी ठेवावीत.

जय भीम!