बडग्याचं कूळ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि त्याला झेंडा बांधतात. त्या झेंड्यासाठी एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव दगड फेकतं. गोटमार म्हणून जगाला एवढंच ठाऊक. माणसं त्यात रक्तबंबाळ होतात, जीवही गेले आहेत. मला ते पाहवत नाही. माझी नजर अडते पळसावर.

२०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा आणि सौसर यांचा वेगळा जिल्हा झाला, तरी इथल्या मराठीचं आणि सणावारांचं नातं नागपूर-विदर्भाशीच. त्या मुलखात पळस पोळ्याच्या आदल्या दिवसापासून राबतो. पळसाच्या पानांनी तूप-हळद लावून बैलाचे खांदे शेकायचे. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवायचे आणि करीच्या पहाटे ते उचलून शिवेबाहेर न्यायचे. जाताना ओरडायचं : ‘रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत!’ मारबत म्हणजे पीडा सोबत घेऊन जाणारा बाईचा पुतळा.

बडग्या, म्हणजे मारबतीच्या जोडीचा पुरुषाचा पुतळा, याच गोतावळ्यातला. फांद्या, काड्या, कागद, घरातली अडगळ, पोरांच्या हाताला लागेल ते बांधून त्याचा देह उभा राहायचा. विकत आणायचं काहीच नाही. अंग बांधायचं हातानं, साहित्य मात्र सापडलेलं. घराला नकोसं झालेलं सगळं त्याच्या अंगावर चढलं की नकोशी पीडाही त्याच्याच माथी मारायची आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. केरातून माणूस घडवण्यामागचा हा विचार मला फार खोल वाटतो.

नागपूरनं त्याला मिरवणुकीचं रूप दिलं. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते. काळीचा संबंध इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाई भोसल्यांशी जोडतात, कुणी पूतनेशी. बडग्या महागाई, भ्रष्टाचार असं त्या-त्या वर्षीचं दुखणं अंगावर घेऊन चालतो.

सापडलेल्या वस्तू जोडून देह घडवण्याची ही रीत कलेतही आहे. पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. अशा कामांचं मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६१ मध्ये भरलं. तिथे जोडलेली वस्तू जपतात. आपल्याकडे बडग्या संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, म्हणून दरवर्षी हात पुन्हा नव्यानं शिकतात.

पांढुर्ण्याचा झेंडा मात्र जळत नाही. नदीतून सुटला की तो चंडीमातेच्या देवळात जातो.