नाण्यांवरील सागर-सरिता आणि श्रीसप्तकोटीश्वराचे नाव

प्राचीन नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांत अनेक पंथ आहेत. कोणी एकाच राजवंशाची नाणी जमवितो, कोणी एकाच धातूची, तर कोणी केवळ चिन्हांवरून आपली मालिका लावतो. या तिसऱ्या पंथातील काही संग्राहकांना पाण्याची ओढ असते. नदीची नागमोडी रेषा, मासा, मकर आणि गलबत ही चिन्हे ज्या नाण्यांवर आहेत, ती ते आस्थेने मिळवितात. छंद म्हणून हा निवडीचा प्रकार लहानसा दिसतो; परंतु त्यातून एक मोठा प्रश्न उभा राहतो. ज्या राजाने नाण्यावर पाणी दाखविले, त्याचे पाण्याशी नाते तरी कोणते होते? केवळ चित्र पाहून या प्रश्नाचे उत्तर देऊ गेल्यास फसगत होते, हे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

भारतातील सर्वांत जुनी नाणी म्हणजे चांदीची आहत नाणी. त्यांवर राजाचे नाव नसते. लहान लहान ठसे तेवढे असतात. सूर्य, पर्वत, वृक्ष यांच्या जोडीला पाण्यातील मासे हेही चिन्ह त्यांत आढळते. पुढे सातवाहनांच्या नाण्यांवर हत्तीच्या वा अन्य चिन्हाच्या खाली एक वळणावळणाची रेषा येते आणि तिच्यात कधी कधी मासे पोहताना दिसतात. ही रेषा नदीची होय, असे सामान्यतः मानले जाते. गोदाकाठच्या प्रतिष्ठान नगरीतून राज्य करणाऱ्यांना नदीचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नव्हती.

या रेषेची एक विलक्षण हकीकत इ. स. १९०६ मध्ये उजेडात आली. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. १३,२५० नाणी! ही सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याची. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उठविला होता. नहपानाच्या मुखवट्यावर विजेत्याने तीन कमानींचा पर्वत आणि त्याखाली नदीची रेषा उमटविली. राज्य पालटल्याची ही द्वाही बाजारातील प्रत्येक हातात पोहोचली. त्यानंतर चष्टनाच्या वंशातील क्षत्रपांनीही पर्वत व त्याखालील रेषा आपल्या नाण्यांवर घेतली आणि पिढ्यान् पिढ्या चालविली.

नहपानाचा जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर त्याने वाटसरूंसाठी विनामूल्य नावांची सोय केली, असे त्यात नमूद आहे. तेथीलच दुसऱ्या लेखात भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवल्याचा उल्लेख आहे. त्यांपैकी २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले होते. मुद्दल अबाधित राखून व्याजातून धर्मकार्य चालवावे, ही देवस्थानांच्या कारभारात सर्वपरिचित असलेली रीत किती जुनी आहे, हे यावरून कळते.

नदीकडून समुद्राकडे वळल्यावर संग्राहकाचे लक्ष सातवाहनांच्या गलबताच्या नाण्यांकडे जाते. ही नाणी शिशाची आहेत. त्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज असून दुसऱ्या बाजूस उज्जैनी चिन्ह आहे. ती वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांच्या नावाशी जोडली जातात. ब्रिटिश म्यूझियममधील आंध्र व क्षत्रप नाण्यांची रॅप्सन यांनी केलेली सूची १९०८ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ही नाणी अभ्यासकांच्या चर्चेत आहेत.

महाराष्ट्रातील राजा आणि नाण्यावर गलबत, एवढेच ज्याला ठाऊक असेल तो म्हणेल की हे नाणे शूर्पारक अथवा कल्याण या पश्चिमेकडील बंदरांचे असले पाहिजे. तर्क सुसंगत वाटतो, पण तो चुकीचा आहे. ही नाणी मुख्यत्वे पूर्व किनाऱ्यावर, आंध्र आणि तामिळ प्रदेशांत सापडली आहेत. नाणे कोठे मिळाले याची नोंद कोणीतरी करून ठेवली, म्हणूनच हा उलगडा झाला. नोंद हरवली असती, तर तेच गलबत इतिहासाला चुकीच्या किनाऱ्याला घेऊन गेले असते.

गुप्तकाळी पाणी देवतेच्या रूपाने नाण्यावर आले. समुद्रगुप्ताच्या व्याघ्रवधाच्या सुवर्णमुद्रेवर मागील बाजूस मकरावर उभी असलेली गंगा आहे आणि कुमारगुप्ताच्या गेंड्याची शिकार दाखविणाऱ्या मुद्रेवरही तीच देवता आहे. १९४६ साली भरतपूर संस्थानातील बयाना येथे गुप्तांच्या सुवर्णमुद्रांचा मोठा साठा सापडला. त्यांतील १,८२१ मुद्रांचा अभ्यास डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी केला आणि त्यांची सूची १९५४ साली प्रसिद्ध झाली. परंतु साठ्यातील काही मुद्रा अधिकाऱ्यांच्या हाती येण्यापूर्वीच वितळविल्या गेल्या होत्या. त्यांवर काय होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

आता गोमंतकाकडे पाहावे. गोव्याचे कदंब हे खऱ्या अर्थाने समुद्रावरचे राजे. गोपकपट्टण हे त्यांचे बंदर, आणि पश्चिम समुद्राचे अधिपती म्हणून त्यांचा गौरव होत असे. सोमनाथाच्या सागरी यात्रेचा आणि वाटेत जहाजाची डोलकाठी मोडल्याचा वृत्तांतही त्यांच्या घराण्याच्या लेखांत येतो. तेव्हा त्यांच्या नाण्यांवर गलबत असणारच, असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात त्यांच्या सोन्याच्या गद्याणांवर गलबत नाही. एका बाजूस सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूस नागरी अक्षरांत राजाचे नाव व बिरुद. श्रीसप्तकोटीश्वराच्या वराचा प्रसाद ज्याला लाभला तो राजा, असा त्या बिरुदाचा अर्थ. समुद्रावर सत्ता असलेल्या राजांनी आपली ओळख समुद्राने नव्हे, तर कुलदैवताने सांगितली.

या नावाचे मोल पुढील इतिहासावरून कळते. मांडवीने वेढलेल्या दिवाडी बेटावरील नार्वे येथील सप्तकोटीश्वराचे देवालय सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत उद्ध्वस्त झाले. देवाचे लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या प्रदेशात नेण्यात आले आणि तेथील देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. मूळ वास्तू गेली, परंतु तिच्या वैभवकाळी पाडलेल्या सुवर्णमुद्रांवर देवाचे नाव जसेच्या तसे राहिले.

ज्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या देवस्थानांची सेवा केली, त्यांच्या देव्हाऱ्यात वा जुन्या पेटीत एखादे अनोळखी नाणे असणे अशक्य नाही. त्याची हानी बहुधा अज्ञानानेच होते. सणाच्या तोंडावर देवाच्या उपकरण्यांबरोबर चिंच आणि राख लावून नाणे घासले जाते आणि अक्षरे झिजतात. शिशाच्या नाण्याला तर आंबट पदार्थ विषासमान. लाकडी कपाटातील बाष्पानेही त्यावर पांढरी भुकटी धरते. सोन्याचे नाणे लग्नकार्याच्या वेळी सोनाराच्या मुशीत जाते. वाटण्या होताना नाणे एकाच्या वाट्याला येते. ते कोणत्या गावी, कोणत्या जागी मिळाले, ही हकीकत मात्र वडिलधाऱ्यांबरोबर निघून जाते. वास्तविक ती हकीकत म्हणजे अर्धे नाणेच होय.

म्हणून नाणे न घासता कोरड्या कागदात ठेवावे. त्याचे वजन, ठिकाण आणि ऐकिवात असलेली माहिती लिहून ती त्यासोबत जपावी. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही, याचेही स्मरण असावे. देवस्थानाच्या दप्तरात जशी जमीनजुमल्याची नोंद असते, तशीच अशा वस्तूंच्या नोंदीची एक वही ठेवता येईल. तिला खर्च नाही. केवळ आस्था पाहिजे.

देवालये पडली, बंदरे गाळाने भरली आणि राजवटी पालटल्या. तरीही सोन्याच्या एका लहानशा तुकड्यावर श्रीसप्तकोटीश्वराचे नाव आजही वाचता येते, कारण कोणीतरी तो तुकडा मुशीत टाकला नाही.